तिसऱ्या मजल्यावरचं कातडं

"अजून पाणी मार. खाली थेंब पडायला हवेत, आत्ताच सोलल्यासारखं दिसलं पाहिजे," रकिया नवऱ्याला म्हणाली.

मिलूदने बादलीत हात बुडवला आणि गच्चीच्या कठड्यावर टाकलेल्या मेंढ्याच्या कातड्यावर पुन्हा पाणी शिंपडलं. कातडं त्याने काल कत्तलखान्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून मागून आणलं होतं, मीठ लावून, पिशवीत दडवून. मोठ्या ईदची सकाळ होती. नमाज आटोपला होता आणि कासाब्लांकाच्या त्या गल्लीत घरोघरी मेंढे कापले जात होते. मिलूदच्या घरी मेंढा नव्हता. नुसतं कातडं होतं.

तीन वर्षं त्याने ऋण काढून सण केला होता. पहिल्या मेंढ्याचे हप्ते फिटायच्या आत दुसरा आला, दुसऱ्याचे फिटायच्या आत तिसरा. कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून इस्त्री मारायची आणि एक तारखेला पगारातले तीनशे दिरहम सावकाराच्या हातावर ठेवायचे. घरात मसूर, पाव आणि चहा. चहात साखरसुद्धा बेताने. आता चारच हप्ते उरले होते. चार महिने कळ काढली की सुटका. पण नवा मेंढा आणला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून यंदा मेंढा आणायचाच नाही, असं त्याने ठरवलं होतं.

ऐपत नसेल त्याला कुर्बानी माफ असते, हे त्याला ठाऊक होतं. अल्लाने माफ केलं होतं, पण जिन्यातले शेजारी माफ करणाऱ्यांतले नव्हते. आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाही ते जड जात होतं. वर्षातला हा एकच दिवस तो चार लोकांत ताठ मानेने वावरायचा.

दोघं गच्चीवरून घरात आली. रकियाने शेगडीवर मूठभर लोकर जाळली. ईदला घरोघरी मेंढ्याचं डोकं भाजतात, तसाच वास जिन्यातून खाली गेला. एरवी मिलूदला हसू आलं असतं, पण तो फार थकला होता. खोटं बोलायलाही अंगात बळ लागतं.

तेवढ्यात दार वाजलं.

दारात लल्ला तामू उभी होती. तळमजल्यावर एकटी राहणारी म्हातारी विधवा; सगळी गल्ली तिला आदराने लल्ला, म्हणजे बाई, म्हणायची. हातात रिकामं ताट, आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"ईद मुबारक, बाळा. अंगणातून कातडं दिसलं, म्हणून आले."

मिलूदची नजर त्या ताटावर गेली. मेंढा कापला की गोरगरिबांचा वाटा काढायचा, आणि त्यातला पहिला, चांगला खांद्याचा तुकडा, लल्ला तामूच्या ताटात घालायचा, हे त्याचं तीन वर्षांचं व्रत. कातडं दिसलं की म्हातारी येणार, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"बसा हं लल्ला, आलेच," म्हणत रकियाने त्याला बाही धरून स्वयंपाकघरात ओढलं. "खालच्या मजल्यावरच्या इद्रिसने दोन मेंढे कापलेत. जा, एक खांदा माग. तीनशे घेईल. पैसे नंतर देतो म्हणावं."

"नंतर म्हणजे कधी?"

"नंतर म्हणजे नंतर! सणाला मेंढा कापला आणि विधवेला रिकामी पाठवली, असं गल्लीभर व्हायला हवंय का तुला?"

"कापलाय कुठे?"

"मग ते तिलाच सांग जा!"

मिलूदने एका पायात चप्पल चढवली. दुसरी चढवेना. तीनशे दिरहम, म्हणजे चाराचे पाच हप्ते. आणि पाचाचे सहा व्हायला काय उशीर? त्याला एकदम सगळ्याचा उबग आला, सावकाराचा, मेंढ्यांचा आणि स्वतःचाही. पायातली चप्पल काढून तो बाहेर आला आणि लल्ला तामूसमोर जमिनीवरच बसला.

"लल्ला, मेंढा नाहीये. कातडं मागून आणलंय. मागचे तिन्ही मेंढे कर्जाचे होते, ते अजून फेडतोय. यंदा तुम्हाला द्यायला माझ्याकडे काही नाही."

आत रकियाने कपाळावर हात मारून घेतला. लल्ला तामूने हातातलं ताट बाजूला ठेवलं. आता ही कीव करणार, नाहीतर संध्याकाळपर्यंत गल्लीभर सांगणार, असं धरून मिलूद मान खाली घालून बसला.

म्हातारी हसायला लागली. तोंड उघडून, अगदी पोट धरून. त्या तोंडात औषधालाही दात नव्हता. तीन वर्षं मिलूदने तिच्या ताटाकडेच पाहिलं होतं, तोंडाकडे कधी पाहिलं नव्हतं.

"अरे, मला मटण चावतंय कुठे?" ती म्हणाली. "तुझा खांदा मी मशिदीच्या झाडूवाल्याला देऊन टाकायचे."

"मग घ्यायला कशाला यायचात?"

"तू दारात ताट भरताना असा काही उभा राहायचास, जसा नवरदेवच! मी आले नाही तर पोरगं खट्टू होईल, असं वाटायचं. यंदा आठवडाभर तुझ्या गच्चीवरून बें बें ऐकू आलं नाही, तेव्हा म्हटलं, सुटले बाई. आणि सकाळी बघते तर कातडं!"

ती भिंतीला धरून उठू लागली. मिलूदने पुढे होऊन तिला हात दिला.

"मग पुढच्या वर्षीपासून नाही आले तर चालेल ना रे?" तिने विचारलं. "तीन मजले आहेत. गुडघे फार दुखतात."