गाडी पोचली

मनकर्णाच्या पोराची, कल्याणची, सुप्याच्या एमआयडीसीत रातपाळी, अन् खोलीही तिकडंच. कोवळं पोर, त्यात रात्रीची गाडी, म्हणून विमा कंपनीनं गाडीत एक डबी बसवली होती. गाडी कुठं गेली, कशी चालवली, सगळं ती मोबाईलवर कळवायची. कल्याणनं ते ॲप गावाकडं आईच्याच मोबाईलमध्ये टाकून दिलं.

"आता जीव टांगनीला लावून बसू नको, आई. मी खोलीवर पोचलो की ह्यो वाजंल."

तेव्हापासून मोबाईल वाजल्याशिवाय मनकर्णा सकाळचा चहा तोंडाला लावत नसे. आज उशीर झाला. कपातल्या चहावर साय धरली, तरी ती मोबाईलकडंच बघत बसली. शेवटी वाजला.

"पोचला गं बाई!" तिनं हात जोडले.

तिच्या नवऱ्याला, मच्छिंद्रअण्णांना, आज राहवलं नाही.

"अगं, कल्याण आपल्याला सोडून गेला त्याला वरीस होत आलं. गाडी इकली आपन, त्या डबीसकट. ज्यानं घेतली, त्या कोपरगावच्या पोराची गाडी पोचली ती."

मनकर्णानं गार चहाचा घोट घेतला.



"ठावं हाय मला. पन कुनाचं तरी पोरगं घरी पोचलंच की."