टाकीत उतरायचं कुणी

"जावईबापू, तुम्ही सावलीत बसा," म्हणत भागोजीने पायजमा गुडघ्यापर्यंत चढवला.

"असं कसं, मामा? तुम्ही वर थांबा, मी उतरतो. लोड घेऊ नका," अनिल म्हणाला.

महाडात उज्वलाताईंच्या अंगणात जमिनीतली पाण्याची टाकी होती. दोन पुरुष खोल, तोंड मात्र लहान. टाक्या साफ करायच्या धंद्यातलं सासरा-जावयाचं हे पहिलं काम. मुंबईची नोकरी सुटल्यावर अनिल बायकोसह, सारिकासह, सासुरवाडीला, आंबेनळी घाटाखालच्या वाडीत येऊन राहिला होता. धंद्याची कल्पना त्याची. शिडी, बादल्या आणि ओळखीपाळखी सासऱ्याच्या. काम नीट झालं तर अख्ख्या आळीला सांगते, असं उज्वलाताईंनी कबूल केलं होतं. चार वाजता नळाला पाणी येतं, त्याआधी उरका, एवढं बजावून त्या आत जाऊन आडव्या झाल्या.

हे दोघे काठावरच. जावयाला गाळात उतरवलं हे वाडीत कळलं असतं तर भागोजीला तोंड दाखवायला जागा उरली नसती. बापाला गाळात उतरवलं हे सारिकाला कळलं असतं तर अनिलला घरातच जागा उरली नसती. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तरी "मी उतरतो", "नाय, मीच" चाललेलं.

शेवटी भागोजीने जावयाला फाटकाजवळची बादली आणायला पाठवलं आणि तो वळताच शिडीवरून सरसर खाली उतरला.

अनिल येऊन बघतो तर सासरा वाकून गाळ ओढतोय.

"मामा, वर या!"

"आलो हातासरशी."

अनिलला राहवेना. त्याने शिडीवर पाय टाकला.

"अवो, येऊ नका! तुमचं वजन..."

एक पायरी मोडली, मग दुसरी. शिडीचे दोन तुकडे झाले आणि अनिल गाळात बसला.

"लागलं का वो?"

"नाय. तुम्हाला?"

"नाय."

दोघांनी वर पाहिलं. चौकोनभर आभाळ. उज्वलाताईंना हाका मारून झाल्या. घरातून पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. मोबाइल शर्टांच्या खिशात, शर्ट जास्वंदीवर. करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं, म्हणून दोघे कामाला लागले. काम छान झालं. ब्रश एकमेकांना दोन्ही हातांनी देत होते.

तेवढ्यात कोपऱ्यातला पाइप गुरगुरला, खाकरला आणि त्यातून धो धो पाणी पडायला लागलं.

"जावईबापू, कॉक बंद केलाय ना?"

"मी? तुम्ही थोरले. मला वाटलं, तुम्ही केला असेल."

"पयलं काम. म्हटलं, पयला हात तुमचा लागू दे."

पाणी घोट्याला आलं. उपाय सरळ होता. एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर चढायचं.

"मामा, तुम्ही हलके. माझ्या खांद्यावर पाय द्या."

भागोजीने कानाला हात लावले. "लग्नात ह्या हातांनी तुमचे पाय धुतलेत मी. आता त्याच जावयाच्या खांद्यावर पाय देऊ? कुठं फेडू हे पाप? तुम्ही चढा माझ्या खांद्यावर."

"वडिलांच्या जागी तुम्ही. तुमच्या खांद्यावर कसा चढू?"

"नाय, तुम्हीच."

"नाय, तुम्ही."

पाणी गुडघ्याला लागलं. ब्रश तरंगला. शिडीचा तुकडा तरंगला. मग भागोजीच्या कमरेची तंबाखूची पुडी सुटली आणि हळूहळू पांगत जावयाकडे निघाली.

"अरे अन्या!" भागोजी गरजला. टाकी दणाणली. "मेल्या, वाक खाली! बुडवतोस काय म्हाताऱ्याला?"

लग्न झाल्यापासून सासऱ्याने त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. अनिल शाळेतल्यासारखा जागच्या जागी वाकला. भागोजीने खांद्यावर पाय दिला. हात काठाला पोचेना, तसा दुसरा पाय सरळ जावयाच्या डोक्यावर ठेवला आणि वळवळत बाहेर पडला. धावत जाऊन त्याने कॉक फिरवला. पाणी थांबलं.

सगळं शांत झालं तेव्हा आपण काय केलं ते त्याच्या ध्यानात आलं. तो टाकीच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसला, हात जोडले. खाली पाहायचं धाडस होईना.

"जावईबापू, पाय लागला. आन् तोंडातून पण नको ते गेलं."

खालून अनिलने हाक मारली.

"मामा."

"बोला."

"परत म्हणा."

"काय?"

"तेच. मघाशी म्हणालात ते."

भागोजीने इकडे तिकडे पाहिलं. जास्वंदीवर दोन शर्ट तेवढे होते.

"अन्या," तो हळूच म्हणाला.

"काय वो?" खालून लगेच आवाज आला. भागोजीने आता वाकून पाहिलं. अनिल गुडघाभर पाण्यात उभा होता. केसांवर चिखलाचं पाऊल उमटलेलं, आणि तोंडभर हसू.

भागोजीची नजर त्याच्या मागच्या भिंतीवर गेली.

"त्या कोपऱ्यात शेवाळ राहिलंय बघ. घास जोरात. जेवला नायस का?"

"घासतो, मामा."

ब्रशाचा आवाज सुरू झाला. एवढ्यात दार उघडून उज्वलाताई बाहेर आल्या. अंगणात सासरा एकटाच, नखशिखांत ओला, काठावर पाय सोडून ऐटीत बसलेला.

"अहो, तुमचे जावई कुठे गेले?"

"जावई घरी असतात, बाई," भागोजी म्हणाला. "शिडी असली तर द्या. आमचा अन्या आत हाय."