शवासन आणि बांध

शवासन शिकवावं तर गोरक्षदादांनीच. मिरजगावजवळ त्यांच्या वस्तीवर रोज सकाळी निम्मं गाव सतरंज्यांवर आडवं पडायचं. दादाही आडवे होऊन, डोळे मिटून, गळ्यातल्या माईकवर धीरगंभीर आवाजात सांगायचे, "योग म्हणजे नुसते हातपाय वाकवणं नव्हे. योग म्हणजे सुटणं. समजा, आपण मेलो आहोत. हे शरीर माझं नाही. हे घर माझं नाही. हे शेत माझं नाही."

आज पहिल्या रांगेत त्यांचा धाकटा भाऊ सुनीलही होता. गेल्या आठवड्यात तो तणतणत आला होता, "दादा, नांगरताना तू बांध कोरलास. माझं रान खाल्लंस." दादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून मोठ्या मायेनं सांगितलं होतं, "मोह सोड, सुनील. शिबिराला ये."

आणि तो खरंच आला, याचं दादांना केवढं समाधान वाटत होतं!

तेवढ्यात ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. आधी लांबून, मग फारच जवळून. दादांनी एक डोळा उघडला. सुनीलची बायको मनकर्णा बांध मोडून नांगरासकट सरळ दादांच्या कांद्यात शिरली होती.

"ए, थांबव! माझं रान हाय ते!" दादा माईकसकट उठून बोंबलले.

बाकी सगळे तसेच निपचित पडून होते. सुनीलनं तर डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"आडवा हो, दादा," तो शांतपणे म्हणाला. "तू अजून मेलेलाच हाईस."