बटण दाबलंस का?

सिग्नलला गाडी थांबली, इंजिन गप्प झालं आणि बाबा दार उघडून खाली उतरले.

"अरे, बटण!" स्टिअरिंगवरची बहीण ओरडली. "बटण दाबलंस का?"

मागच्या सीटवर बाबांची बॅग मांडीवर घेऊन बसलेल्या भावाने जीभ चावली. गिअरशेजारी एक बटण होतं. ते दाबलं की ब्रेकवर थांबल्यावर इंजिन आपोआप बंद व्हायचं नाही, परत दाबलं की व्हायचं. पण गाडी नव्याने चालू केली की बटण सगळं विसरायचं, पुन्हा दाबावं लागायचं. मघाशी पेट्रोल पंपावर तेच झालं. घरात विसरणारं माणूस एक होतंच, आता गाडीही त्यांच्या पार्टीत.

बाबा एव्हाना डिकीला खांदा लावून उभे होते. शर्टाची बटणं लावायला त्यांना माणूस लागायचा. सीटबेल्ट मात्र एका झटक्यात सुटला होता. जन्मभर एक खटारा व्हॅन हाकल्यावर त्यांच्या डोक्यात एवढं पक्कं उरलं होतं: इंजिन बंद पडलं की उतरायचं आणि ढकलायचं.

एक टेम्पो त्यांच्या कोपराला वारा घालून गेला. मागच्या गाड्या बोंबलू लागल्या.

"सेकंडमध्ये टाक गं!"

"टाकला, बाबा!" ती ओरडली. ही गाडी ऑटोमॅटिक, टाकायला सेकंड गिअर नव्हताच.

सिग्नल सुटला. तिने ब्रेकवरचा पाय उचलला. पाय उचलला की इंजिन आपोआप सुरू व्हायचं, झालं. बाबा हात झटकत पुढच्या सीटवर येऊन बसले.

"बघितलंस? एका धक्क्यात."

भावाने मधून हात घालून बटण दाबलं आणि घाम पुसला. "चल लवकर. जेवणाच्या सुट्टीआधी पोचलो नाही तर खोली दुसऱ्याला देतील."

"कुठे निघालोय आपण?" बाबांनी विचारलं.

"हवापालटाला," भाऊ म्हणाला.

"तिघं?"

"हो, तिघं."

"मग बॅग एकच कशी?"

पुढचे दोन सिग्नल इंजिन छान चालू राहिलं.

वृद्धाश्रमाचं फाटक बंद होतं. वॉचमन कुलपाशी झटापट करत होता. बहिणीने ब्रेक दाबला. इंजिन घुरघुरत होतं. फाटक उघडलं. आत दारापर्यंत सरळ, गुळगुळीत रस्ता.

"चल ना," भाऊ म्हणाला.

ती हलली नाही. मग तिचा हात गिअरवरून सरकला आणि तिने बटण पुन्हा दाबलं.

इंजिन बंद पडलं.

"अगं, काय करतेस?"

पण तोवर सीटबेल्ट सुटला होता, दार उघडलं होतं आणि डिकीवर थाप पडली होती.

"सेकंडमध्ये टाक!"

"टाकला, बाबा."

बाबांनी जोर लावला. गाडी तसूभर हलली नाही.

"हलत का नाही गं?"

"जड झालीय, बाबा."

"जड कसली! आत तो ढोल्या बसलाय ना. बाप ढकलतोय आणि हा पाय पसरून. उतरव त्याला!"

भाऊ बॅग सीटवर ठेवून उतरला. मागे आला. बाबा डोळे मिटून, दात आवळून गाडीला भिडले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंना ब्रेकचे दिवे लालभडक पेटले होते.

भावाने दिव्याकडे पाहिलं. मग मान वर करून आरशात पाहिलं. आरशातले डोळे त्याच्याकडेच बघत होते.

"साहेब, ऑफिस बंद होतंय," वॉचमन फाटक धरून म्हणाला. "येताय ना आत?"

"बघताय ना, गाडी बंद पडलीय," भाऊ म्हणाला. त्याने बाह्या वर सारल्या आणि बाबांशेजारी खांदा लावला. "हं, बाबा. लावा जोर."