डावं चाक

माझ्या गाडीचं पुढचं उजवं चाक घरघरत होतं. जालन्याच्या शोरूममधल्या मुलानं गाडीसमोर उभं राहून त्याच चाकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "काका, डाव्या चाकाची बेअरिंग गेली. नऊ हजार खर्चा." समोर उभं राहिलं की डावं-उजवं उलटं होतं. पहिलीची मुलंही अशीच चुकतात, म्हणून मी टोकलं नाही. पण पेन्शनीतून नऊ हजार काढायचे म्हणजे विचार आला. "आधी हसनाबादच्या रामेश्वरला विचारतो," म्हणालो आणि निघालो.

रामेश्वर माझा जुना विद्यार्थी, आता गॅरेजवाला. त्याला एवढंच विचारलं, "शोरूमवाले नऊ हजार सांगतात. वाजवी आहे का रे?" कसलं काम, ते सांगितलंच नाही.

गाडीला हातही न लावता तो म्हणाला, "बिलकुल बराबर सांगून राह्यले, सर. डाव्या चाकाची बेअरिंग म्हणल्यावर एवढा खर्चा येतोच. जल्दी करून टाका."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.



"रामेश्वर, चौथीतसुद्धा तू शेजाऱ्याचं उत्तर चुकीसकट उतरवायचास."