दिवेलागणीचं विरजण

दिवेलागणीला गोल्फ क्लबाचा मॅनेजर फडतरे दारात येऊन उभा राहिला. इंदूने त्याला बसा म्हटलं नाही.

"चाळीसही गाड्या बंद पडल्यात," तो म्हणाला. "बॅटऱ्यांतले जंतू मेले."

"नळाचं पाणी घातलंत?"

फडतरेने मान डोलावली. शिशाच्या पट्ट्यांवर धरलेली खपली ते जंतू खायचे, म्हणून बारा वर्षांच्या बॅटऱ्या अजून पळत होत्या. इंदू त्यांना रोज मोजून शुद्ध पाणी पाजायची. आठवड्यापूर्वी याच माणसाने तिला सगळ्यांदेखत कामावरून काढलं होतं. काम जंतू करतात, बाई फुकट बसून खाते, म्हणाला होता.

"तुमच्याकडे त्या जंतूंचं विरजण आहे म्हणे. वाटीभर द्या. जंतू क्लबाचेच आहेत."

"क्लबाचे तुम्ही मारलेत. हे मी घरी वाढवलेत."

फळीवरच्या बरणीत करडं पाणी बुडबुडत होतं. इंदू बरणीच्या आड उभी राहिली.

"आणि आमच्यात दिवेलागणीला विरजण देत नाहीत."

"मग सकाळी येतो."

"पहाटेच निघतेय. नदीपलीकडच्या क्लबाने बोलावलंय," दार लोटत इंदू म्हणाली, "बरणीसकट."