इंजिनावरचं कोरं कापड

इंजिन बाकड्यावर उघडं पडलं होतं आणि दिनेश-पवनचा वाद टर्बोवर येऊन अडला होता.

आलापल्लीच्या त्या गॅरेजच्या शटरवर खडूने सगळा बेत मांडलेला होता. पांढरी कार दिनेशच्या बापाच्या वेळची. कंपनीने तिला ऐंशी-पंच्याऐंशी हॉर्सपॉवर दिली होती, दिनेशला हवी होती दोनशे. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण टर्बोला असतं. म्हणून पिस्टन आणि रॉड तेवढे नवे घ्यायचे, बाकी सगळं नागपूरच्या भंगारातून. मोठा टर्बो घेतला तर गाडी वरच्या वेगात सुसाट सुटणार होती. लहान घेतला तर पहिल्यापासून जोर लावणार होती, पण दीडशे हॉर्सपॉवरच्या पुढे सरकणार नव्हती.

"मोठाच घेऊ," दिनेश म्हणाला. "आन् गाडी चार बोटं खाली बसवू. आष्टीच्या सरळ रस्त्यावर कोनी ओव्हरटेक करून दाखवावं मले!"

"आन् खराब रस्ता लागला त?" पवनने विचारलं. हा त्याचा भागीदार आणि लहानपणापासूनचा दोस्त.

"खराब रस्त्यानं न्यायचीच नाई."

तेवढ्यात दारात माणसं उभी राहिली. भामरागडकडच्या एका खेड्यातला सुकलू पुढे, मागे त्याची बायको कलाबाई, तिच्या कडेवर पोर आणि बरोबर गावातले तिघं-चौघं. सकाळच्या एसटीने आले होते. डोक्यावर तांदळाची गाठोडी, एकाच्या काखेत कोंबडी, सुकलूच्या हातात घडी न मोडलेलं पांढरं कापड. कलाबाईने बाकड्यावरच्या इंजिनाकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला.

दिनेश दचकला. "काय झालं, सुकलूभाऊ? कोन गेलं?"

आता सुकलूच गोंधळला. "आमच्या गावचा पोरगा, झाडू, बजारातून आला, त्यानं सांगतलं. म्हणे, दिनेशभाऊच्या गाडीचं काळीज काढून बाकड्यावर ठेवलं. गाडीत आता काईच नाई राह्यलं."

दिनेशला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. सुकलूच्या गावात कुणाकडे मयत झालं की घरोघरचे लोक तांदूळ घेऊन जातात, कापड घेऊन जातात. दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, ही तिथली रीत. ही माणसं त्याच्या गाडीच्या मयतीला आली होती.

पवनला हसू आवरेना. तो पाठ फिरवून उगाच नटबोल्टाचे पाने शोधू लागला.

दिनेशला मात्र हसू आलं नाही. गेल्या पावसाळ्यात नाला भरून वाहत होता, तेव्हा याच माणसांनी अडलेल्या कलाबाईला खाटेवर घालून, छातीएवढ्या पाण्यातून अलीकडे आणलं होतं. अलीकडे ही गाडी उभी होती. तिने कलाबाईला गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचवलं आणि आठ दिवसांनी पोरासकट परत आणलं. दिनेश ते कधीच विसरून गेला होता. त्याच्या घरी तर या गाडीला भंगार म्हणायचे.

"लोखंड मरत नाई, हे मले बी समजते," पवनच्या हलणाऱ्या पाठीकडे बघत सुकलू म्हणाला. "पन जिनं आपलं मानूस घरी आनलं, तिची खबर ऐकून घरी कसं बसावं?"

भंगार गाडीसाठी कुणी एवढ्या लांबून रडायला येईल, असं दिनेशला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

"मेली नाई, भाऊ," तो म्हणाला. "इंजिन बांधून राह्यलो. पह्यलेपेक्षा जोरदार करतो."

कलाबाईने पदर खाली घेतला. "मंग पान्यापावसाच्या आंधी उभी राहीन ना? माह्या धाकट्या जावेले दिवस आहेत. श्रावनात भरतात."

दिनेशने शटरकडे पाहिलं. 'चार बोटं खाली' हे त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. त्याने मान हलवली आणि तो गाठोड्यांकडे वळला.

"हे तांदूळ, कोंबडी वापस न्या, भाऊ. कापड बी न्या."

"घरून निघालं ते वापस नाई जात," सुकलू म्हणाला. "आन् जित्याच्या मयतीची खबर आली त त्याचं आयुष्य वाढते. चूल कुठी आहे ते सांगा."

गॅरेजच्या मागे तीन दगड मांडले. भात शिजला, कोंबडीचा रस्सा झाला. गाडीच्या नावाचं जेवण सगळे पानांवर बसून जेवले. मघाशी हसणारा पवन दोनदा भात मागून जेवला.

हात धुऊन दिनेशने ते कोरं कापड उचललं, घडी मोडली आणि इंजिनावर पसरलं. उघड्या इंजिनाला धुळीसारखा वैरी नाही, आणि गॅरेजात एक फडकं धड नव्हतं. कलाबाई जवळ आली. झोपलेल्या लेकराचं पांघरूण खोचावं तशी तिने कापडाची चारही टोकं आत खोचली.

त्यांना एसटीत बसवून दोघं परत आले. पवनने खडू उचलला. "मंग नागपूरले मोठा सांगू ना?"

"लहानवाला सांग. आन् गाडी चार बोटं वर घे."

"दीडशेवर थांबन ना बे! आष्टीच्या रस्त्यावर कोनी बी पुढं जाईन."

"जाऊ दे," कापडाचं एक टोक नीट करत दिनेश म्हणाला. "श्रावनात त्या नाल्यावर कोन येते ओव्हरटेक कराले?"